नगरसेवक निवडण्याची साधने : घरांच्या प्रश्नावर ती कितपत उपयोगी?

१५ जानेवारी २०२६ रोजी बृहन्मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली. फेब्रुवारी २०१७ नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी आलेल्या या निवडणुकीत २२७ प्रभागांसाठी सुमारे १,७०० उमेदवार रिंगणात होते आणि मतदारांची संख्या एक कोटीच्या वर होती. प्रचारात घरांचा विषय ज्याने काढला नाही असा उमेदवार शोधूनही सापडला नसता. परंतु निवडून गेल्यावर शहरात अधिक घरे उभी राहावीत यासाठी हा माणूस सभागृहात हात वर करील की नाही, हे मतदानापूर्वी समजून घेण्यासाठी सामान्य मतदाराजवळ कोणती साधने आहेत, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. जाहीरनामे, उमेदवारांची शपथपत्रे, नगरसेवकांची प्रगतिपुस्तके, महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचे संकेतस्थळ, विकास आराखड्याचे नकाशे आणि सभागृहाची इतिवृत्ते ही सारी माहितीसेवा नागरिकाला फुकट किंवा किरकोळ खर्चात मिळते. पूर्व उपनगरातील एका प्रभागाचा मतदार म्हणून मी ती या निवडणुकीसाठी वापरली. तिचे हे परीक्षण आहे.

परीक्षणाची कसोटी आधी स्पष्ट केलेली बरी, कारण या विषयात सर्वांत मोठा घोळ तिथेच होतो. मुंबईत पुनर्विकासाला विरोध करणारा उमेदवार जवळपास नसतोच. चाळीतल्या माणसाला मोठे घर, झोपडीतल्या माणसाला ३०० चौरस फुटांची सदनिका, सोसायटीतल्या सभासदाला वाढीव क्षेत्र आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) हे सगळे मिळावे असे प्रत्येक जण म्हणतो, आणि ते मिळायलाच हवे. पण हे सगळे आज त्या प्रभागात राहणाऱ्या, म्हणजेच त्या प्रभागाच्या मतदारयादीत असलेल्या माणसांसाठी असते. त्याच जागेवर जी जादा घरे बांधली जातील, शेजारच्या मोकळ्या भूखंडावर जी नवी इमारत येईल, दुसऱ्या भागातून विस्थापित झालेली जी कुटुंबे इथे वसवली जातील, त्यांच्याविषयी तोच उमेदवार काय म्हणतो, हा खरा प्रश्न आहे. त्या घरांत उद्या राहायला येणाऱ्या माणसाचे नाव आज बदलापूरच्या किंवा नालासोपाऱ्याच्या यादीत असते. मुंबईच्या प्रभागात त्याचे मत नाही, म्हणून त्याची बाजू घेण्यात उमेदवाराला लाभ नाही. पुनर्विकासाचा समर्थक आणि अधिक घरांचा समर्थक या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. हा फरक जे साधन दाखवते ते उपयोगी. जे तो झाकते ते, दिसायला कितीही सुबक असले तरी, या कामासाठी निरुपयोगी.

हा फरक किती खोल आहे हे मुलुंड पूर्वेला दिसले. तिथे प्रकल्पबाधितांसाठी सात हजारांहून अधिक सदनिका बांधण्याचा महापालिकेचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवाशांनी जोरदार विरोध केला आणि वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी त्या विरोधात सहभागी झाले. विरोधकांचे सर्वच मुद्दे पोकळ नव्हते. लोकलची गर्दी, अरुंद रस्ते, पाण्याचा दाब, शिवाय खासगी विकासकाला त्या बदल्यात मिळणारा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) आणि अधिमूल्याची, म्हणजे जादा बांधकामासाठीच्या शुल्काची, सवलत, यांवर प्रश्न विचारणे योग्यच होते. परंतु ‘मग ही कुटुंबे कुठे वसवायची’ या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. रस्ता रुंद व्हायला हवा, नाला मोकळा व्हायला हवा, पूल व्हायला हवा, आणि त्यासाठी हटवल्या जाणाऱ्यांची घरे मात्र दुसऱ्याच्या प्रभागात व्हायला हवीत, ही भूमिका मुंबईत पक्षनिरपेक्ष आहे. दुसऱ्या टोकाला माहूल आहे. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी हजारो सदनिका बांधल्या गेल्या, तिथे पाठवलेल्या कुटुंबांना प्रदूषणाने त्रास झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि रिकाम्या पडलेल्या घरांपैकी बरीच घरे पुढे महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. तेव्हा घरांची संख्या वाढवणारा प्रत्येक उमेदवार चांगला, असेही समीकरण मांडता येत नाही.

साधनांकडे वळण्यापूर्वी नगरसेवकाच्या हातात नेमके काय असते हे पाहायला हवे, अन्यथा त्याला चुकीचे प्रश्न विचारले जातात. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे प्रमाण, तो ठरवत नाही. विकास नियंत्रण नियमावलीला अंतिम मंजुरी राज्याच्या नगरविकास खात्याची असते. इमारतीचे नकाशे, आयओडी (सशर्त मान्यता), सीसी (काम सुरू करण्याची परवानगी), भोगवटा प्रमाणपत्र हा आयुक्तांच्या अखत्यारीतील इमारत प्रस्ताव विभागाचा कारभार आहे. जुन्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडा हे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण करते. वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याचे श्रेय एखाद्या नगरसेवकाने फलकावर घेतले तर ते वाचून पुढे जावे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण हेही १९९५ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे.

तरीही नगरसेवकाकडे पुष्कळ काही उरते, आणि ते बहुतेक मतदारांना ठाऊक नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका हे नियोजन प्राधिकरण आहे. विकास आराखड्याचा मसुदा तिच्या सभागृहापुढे येतो, आणि आराखड्यातील एखादे आरक्षण, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेला भूखंड, बदलायचे असेल तर कलम ३७ खालचा प्रस्तावही सभागृहाच्या मंजुरीनेच पुढे जातो. आरक्षित भूखंड दहा वर्षांत ताब्यात घेतला गेला नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे भूखंड विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. अशा सूचनांवरचा निर्णय सुधार समितीत होतो. या समितीला वृत्तपत्रांत स्थायी समितीच्या दहाव्या हिश्शाचीही जागा मिळत नाही, पण घरांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळी पालिकेच्या पदरात आल्या. पालिकेच्या मालकीच्या भूखंडांवरील अशा भाडेकरूंच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव याच वाटेने जातात. सफाई कामगारांच्या वसाहती नव्याने बांधण्याची आश्रय योजना पालिकेची स्वतःची आहे. पालिकेच्या जमिनीवरील झोपडपट्टीचे परिशिष्ट-२, म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी, विभाग कार्यालयात तयार होते, आणि तिथे नगरसेवकाचा शब्द चालतो हे कोणत्याही झोपडपट्टीत विचारून पाहावे.

पाण्याचा मुद्दा याच यादीत येतो. मुंबईला सात तलावांतून दररोज मिळणारे पाणी चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे आणि मागणी त्याहून अधिक आहे. गारगाई धरणातून ४४० दशलक्ष लिटर आणि मनोरीच्या निःक्षारीकरण प्रकल्पातून पहिल्या टप्प्यात २०० दशलक्ष लिटर मिळावे, असे नियोजन आहे. हे दोन्ही प्रकल्प महापालिकेचे आहेत आणि त्यांचा पैसा तिच्या अर्थसंकल्पातून जायचा आहे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. ‘पाणीच नाही, मग आणखी टॉवर कशाला’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराला या दोन प्रकल्पांविषयी विचारावे. त्यावर त्याचे मत नसेल, तर पाण्याची काळजी ही इमारत अडवण्यासाठी पुढे केलेली सबब आहे असे समजायला हरकत नाही.

जाहीरनाम्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. त्यांत घरांच्या नावाखाली जे असते त्यातील मोठा भाग घर असणाऱ्यांसाठी असतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मिळालेली सूट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली, लाखो कुटुंबांना तिचा दिलासा मिळाला, परंतु तिच्यामुळे एकही नवे घर उभे राहिले नाही. संख्यांच्या घोषणांचा अनुभवही ताजा आहे. २०१८ मध्ये विकास आराखडा २०३४ मंजूर झाला, तेव्हा ना-विकास क्षेत्रे आणि मिठागरांच्या जमिनी खुल्या करून दहा लाख परवडणारी घरे निर्माण होतील असे सांगण्यात आले होते. नव्या इमारतींत मराठी माणसाला काही टक्के घरे राखून ठेवण्याची मागणी गेली काही वर्षे जोरात आहे. त्या मागणीमागची वेदना खरी आहे. गिरगाव, परळ, दादर इथली मराठी कुटुंबे डोंबिवली-बदलापूरला गेली हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातले वास्तव आहे. मात्र हीच मागणी करणारा उमेदवार आपल्या प्रभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या इमारतीविरुद्ध सह्यांची मोहीम चालवत असेल, तर तो शून्याचे टक्के मागत आहे.

शपथपत्र हे या सगळ्या साधनांतले सर्वांत भरवशाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांनंतर उमेदवाराला स्वतःवरील फौजदारी प्रकरणे, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे लागते. राज्य निवडणूक आयोगाने महापालिका निवडणुकांसाठीही अशी शपथपत्रे सक्तीची केली आहेत आणि ती लोकांना पाहता येतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचे ‘मायनेता’ हे संकेतस्थळ शपथपत्रांतील माहिती शोधण्याजोग्या रूपात मांडते. मूळ शपथपत्र आणि ही मांडणी यांत निवड करायची असेल तर मी मूळ शपथपत्र वाचण्याचा सल्ला देईन, कारण घरांच्या प्रश्नावर उपयोगी पडणारा तपशील एकूण रकमेत नसतो. तो स्थावर मालमत्तेच्या तक्त्यातील एकेका ओळीत असतो. पुष्कळ शपथपत्रे हस्ताक्षरातील पानांच्या स्कॅन प्रती असतात, काही पाने वाकडी आलेली असतात आणि त्यांत शब्द शोधण्याची सोय नसते, हा त्रास गृहीत धरावा.

तक्ता वाचताना मी तीन गोष्टी पाहत गेलो. उमेदवाराकडे भाड्याने दिलेले गाळे आणि सदनिका किती आहेत. बांधकाम व्यवसायातील भागीदारी किंवा विकासकाला दिलेले अथवा त्याच्याकडून घेतलेले कर्ज कुठे नोंदले आहे का. आणि तो स्वतः कसल्या घरात राहतो, म्हणजे पागडीच्या, सोसायटीच्या, म्हाडाच्या की झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत. भागीदारी संस्थेचे नाव सापडले, तर तेच नाव महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तक म्हणून शोधता येते. मे २०१७ पासून सुरू झालेल्या या नोंदणीत प्रकल्पाची जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख, मुदतवाढ आणि न्यायालयीन वाद यांची माहिती असते. उमेदवाराच्या संस्थेने स्वतःचे प्रकल्प वेळेवर पुरे केले की नाहीत, हे त्याच्या भाषणापेक्षा तिथे अधिक कळते.

बांधकाम व्यवसायाशी संबंध असणे हा मला आपोआप दोष वाटत नाही. घरे कोणीतरी बांधायचीच असतात, आणि त्या व्यवसायाची अक्कल असलेला माणूस सभागृहात असणे वाईट नाही. परंतु विकासक असलेला उमेदवार म्हणजे अधिक घरांचा समर्थक, हा समज मात्र काढून टाकावा. स्वतःचा प्रकल्प पुढे सरकवणे आणि शेजारच्या विकासकाचा अडवणे हे एकाच माणसाला सोयीचे असू शकते. बाजारात घरे कमी असली तर त्याची घरे महाग विकली जातात. गोरेगावच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासासाठी घरे रिकामी केली आणि मग भाडेही बंद झालेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे काढली, ही घटना मुंबईत कोणी विसरलेले नाही. त्यामुळे ‘बिल्डरची इमारत’ या शब्दांवर संशय येणे स्वाभाविक आहे, आणि त्या संशयावर निवडणूक लढणे सोपे आहे. संक्रमण काळातील भाडे थकले तर रहिवाशांच्या बाजूने उभा राहणारा, आणि तरीही पुढची इमारत अडवू नका म्हणणारा उमेदवार हवा. असा माणूस शपथपत्रावरून ओळखता येत नाही.

शपथपत्रांच्या संदर्भात एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. स्वतः अनधिकृत बांधकाम करणारा, त्यास मदत करणारा किंवा त्याच्यावरील कारवाईत अडथळा आणणारा माणूस नगरसेवकपदास अपात्र ठरतो, अशी तरतूद महापालिका अधिनियमात आहे. ती योग्यच आहे. पण सर्व परवानग्या असलेले बांधकाम विनाकारण अडवून धरण्याला कोणतीही अपात्रता नाही, आणि त्याची नोंद करण्यासाठी शपथपत्रात रकानाही नाही. बेकायदा मजल्यांचे पाप मोजले जाते. न बांधलेल्या मजल्यांचे कोणी मोजत नाही.

प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तके हे पुढचे साधन. नगरसेवकाची सभागृहातील उपस्थिती, त्याने विचारलेल्या प्रश्नांची संख्या व दर्जा, त्याच्यावरील गुन्हे आणि नागरिकांचे मत यांवरून ही संस्था गुण देत आली आहे. आळशी माणूस ओळखायला हे साधन उत्तम आहे. सबंध वर्षात नामांतराचे प्रश्न विचारून मोकळा झालेला नगरसेवक त्यात उघडा पडतो. घरांच्या प्रश्नावर त्याचे बळ कमी पडते, कारण प्रश्न कोणत्या विषयाचा आहे हे त्यातून समजते, प्रश्न कोणत्या बाजूचा आहे हे समजत नाही. ‘अमुक भूखंडावरील इमारतीला परवानगी का दिली’ आणि ‘अमुक भूखंडावरील इमारतीला परवानगी का रखडली’ हे दोन्ही प्रश्न इमारतींच्याच खात्यावर जमा होतात. या निवडणुकीत आणखी एक मोठी अडचण होती. मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे पालिकेवर प्रशासक होता. त्या काळात नगरसेवकच नव्हते, म्हणून प्रगतिपुस्तकही नव्हते; आणि त्याच काळात बहुतेक माजी नगरसेवकांचे पक्ष बदलले किंवा फुटले. त्यामुळे २०२१ मधील गुण पाहून २०२६ मधील माणूस निवडणे म्हणजे जुन्या पत्त्यावर पत्र टाकण्यासारखे होते. नव्या उमेदवारांच्या बाबतीत तर हे साधन लागूच पडत नाही.

सभागृहाची आणि समित्यांची इतिवृत्ते हे सर्वांत कमी वापरले जाणारे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन आहे. एखाद्या प्रस्तावाचे काय झाले हे त्यांत ठराविक शब्दांत येते: मंजूर झाला, राखून ठेवला, फेरविचारासाठी प्रशासनाकडे परत पाठवला, की दप्तरी दाखल केला, म्हणजे पुढे काही न करता बंद केला. वाचायला कंटाळवाणी वाटणारी ही भाषा घरांच्या विषयात फार बोलकी आहे. पुनर्विकासाचा प्रस्ताव फेटाळणे राजकीयदृष्ट्या महाग असते, म्हणून तो क्वचितच फेटाळला जातो; तो राखून ठेवला जातो. ‘स्थळ पाहणी करून निर्णय घेऊ’, ‘अधिक माहितीसह सादर करावा’ अशा कारणांनी बैठकीमागून बैठक पुढे ढकललेला प्रस्ताव आणि त्या बैठकांत बोललेली माणसे यांची जोडणी केली, की कोणाचा विरोध तत्त्वाचा आणि कोणाचा अन्य कारणाचा, याचा अंदाज येऊ लागतो. सभागृहातील चर्चा, हरकतीचे मुद्दे आणि ठरावाच्या सूचना यांतून नगरसेवकाची स्वतःची भाषा वाचायला मिळते, जी जाहीरनाम्यात पक्षाच्या लेखकाची असते.

या साधनाच्या मर्यादा गंभीर आहेत. बहुतेक ठराव आवाजी मतदानाने होतात आणि इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ एवढेच उरते. एकेकाचे मत नोंदले जाण्यासाठी कोणीतरी मतविभाजन मागावे लागते. पक्षादेश असला तर नगरसेवकाचे वैयक्तिक मत असून नसल्यासारखे होते, कारण तो मोडल्यास सदस्यत्व जाण्याची भीती असते. म्हणून एखाद्या उमेदवाराला पारखताना त्याच्या पक्षाने मागील सभागृहात विकास आराखड्यावर काय केले हेही पाहावे लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात रेल्वे स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक सुचवला होता, म्हणजे जिथे वाहतूक आहे तिथे दाट वस्ती. त्या मसुद्यात चुका भरपूर होत्या, त्यावर सर्व बाजूंनी टीका झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला. चुकांबरोबर ती मूळ कल्पनाही गुंडाळली गेली, आणि स्थानकांजवळ अधिक माणसे राहावीत असे जाहीरपणे म्हणणारा मोठा पक्ष त्यानंतर माझ्या ऐकिवात नाही.

आराखड्याच्या नकाशांबद्दल थोडक्यात सांगता येईल. प्रभागातील कोणता भूखंड कशासाठी आरक्षित आहे हे पालिकेच्या संकेतस्थळावर दिसते, आणि उमेदवाराशी बोलायला जाताना आपल्या भागातील दोनतीन आरक्षित भूखंडांची नावे हाताशी असणे फार उपयोगी पडते. त्यापलीकडे निवडणुकीच्या कामासाठी नकाशाचा उपयोग नाही.

कागदावरची साधने जिथे थांबतात तिथे प्रत्यक्ष प्रश्न विचारणे उरते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि त्या परिसरात घरबांधणीच्या बाजूने संघटित झालेले नागरिकांचे गट स्थानिक निवडणुकांतील उमेदवारांना लेखी प्रश्नावली पाठवतात आणि मतदानापूर्वी कोणाला मत द्यावे याच्या शिफारशी जाहीर करतात. तिथे जमिनीच्या वापराचे पुष्कळसे अधिकार नगर परिषदांकडे असतात, आणि त्या घरे अडवतात म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला २०२१ मध्ये एका कुटुंबाच्या भूखंडावर दोन घरांना मुभा देणारा कायदा करावा लागला. आपली अधिकारांची विभागणी वेगळी आहे, म्हणून ती प्रश्नावली जशीच्या तशी आणून चालणार नाही. पण पद्धत घेण्यासारखी आहे. मुंबईत रस्त्यांवर, झाडांवर, कचऱ्यावर उमेदवारांकडून लेखी वचन घेणारे नागरिकांचे गट आहेत. अधिक घरांच्या बाजूने असे काम करणारा गट माझ्या प्रभागात तरी कोणी नव्हता, आणि या संपूर्ण माहितीसेवेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आमच्या भागातील सोसायट्यांनी मिळून उमेदवारांशी भेटीगाठी ठरवल्या होत्या. तिथे ‘तुम्ही घरांच्या बाजूने आहात का’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, कारण उत्तर होकारार्थीच येणार. उपयोग झाला तो ठरावीक जागेविषयी आणि ठरावीक प्रस्तावाविषयी विचारलेल्या प्रश्नांचा. या आरक्षित भूखंडाची खरेदी सूचना सुधार समितीपुढे आली तर तुम्ही काय म्हणाल? प्रकल्पबाधितांसाठी आपल्या प्रभागात किती घरे तुम्हाला मान्य आहेत, आणि मान्य नसतील तर ती कुठे व्हावीत? पालिकेच्या चाळीचा प्रस्ताव मागील सभागृहात का रखडला, आणि भाडेकरूंच्या दोन गटांत वाद असेल तर तुम्ही कोणाची सही ग्राह्य धराल? अशा प्रश्नांवर उमेदवार गडबडले, एकमेकांकडे पाहू लागले, सोबतच्या कार्यकर्त्यांनी घड्याळे दाखवली. एका उमेदवाराने मात्र स्पष्ट सांगितले की, “तुमच्या मागची इमारत मी अडवणार नाही, पण तिच्याआधी मलवाहिनी बदलून घेईन, आणि तोवर तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल.” उपस्थितांपैकी अनेकांना हे उत्तर आवडले नाही. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटले, आणि मी मत त्यांनाच दिले. ते निवडून आले नाहीत.

ज्या मतदाराकडे एकच संध्याकाळ आहे त्याने शपथपत्रातील स्थावर मालमत्तेचा तक्ता आणि महारेरावरील प्रवर्तकांची नावे एवढेच पाहावे. जाहीरनामा बाजूला ठेवला तरी नुकसान नाही. ज्याच्याकडे अधिक सवड आहे त्याने इतिवृत्तांकडे जावे, आणि त्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट पाहू नये. चार वर्षांच्या खंडानंतर सभागृह आणि सुधार समिती यांचे कामकाज पुन्हा सुरू झाले आहे, म्हणजे आता राखून ठेवलेले आणि दप्तरी दाखल केलेले प्रस्ताव नव्या नगरसेवकांच्या नावावर जमा होऊ लागतील. इतिवृत्ते महापालिका चिटणीस खात्याकडे असतात. संकेतस्थळावर हवे ते सापडले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. छायाप्रतींना पानामागे दोन रुपये पडतात आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून ‘घरांविषयी सर्व माहिती’ असे न मागता सुधार समितीच्या एका तिमाहीतील बैठकांची इतिवृत्ते आणि त्या काळात राखून ठेवलेल्या प्रस्तावांची यादी एवढीच मागणी अर्जात लिहावी.